गाडी नसलेल्या बेटावर ‘सगळं त्यातच’: ऑल इन्क्लुसिव्ह रिसॉर्टचं कोटेशन कसं वाचायचं

एप्रिलची सुट्टी जवळ आली की बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक चित्र हटकून फिरायला लागतं. निळंशार पाणी, त्यात खांबांवर उभी लाकडी खोली आणि खाली जाड अक्षरांत: ‘मालदीव, ४ रात्री ५ दिवस, वॉटर व्हिला, ऑल इन्क्लुसिव्ह’. बघणारा आधी खोली बघतो, मग आकडा बघतो, ‘सगळं त्यातच हाय न्हवं?’ एवढं एकच विचारतो आणि अ‍ॅडव्हान्स पाठवून मोकळा होतो. एजंटही ‘व्हय व्हय, सगळं’ म्हणतो. त्या ‘सगळं’मध्ये काय काय येत नाही, याची यादी बिलावर छापून येते, तीही परत निघायच्या दिवशी.

ही यादी पैसे भरायच्या आधी कशी काढून घ्यायची, ते इथे सांगतो. उदाहरणं मुख्यतः मालदीवची आहेत. आपल्या भागातून असल्या सहलीला निघणारे बहुतेक जण तिकडेच जातात, आणि तिथली रीतही समजायला सोपी आहे: एक बेट, एक रिसॉर्ट. माझं म्हणणं थोडक्यात असं की आपण निवड उलट्या क्रमाने करतो. खोली आधी, जेवण मग आणि पोचायचं कसं हे शेवटी. खर्चाचा आणि मनस्तापाचा हिशोब मांडला तर पोचायचं कसं हे पहिलं, जेवणाची योजना दुसरी आणि खोली तिसरी येते.

गोव्याची सवय तिथे चालत नाही

आपली सुट्टीची सवय गोव्याची. चोर्ला घाटातून उतरायचं, डिकीत चिवड्याचा डबा, पाण्याचे कॅन, कुणाच्या डिकीत छोटा कुकरसुद्धा. हॉटेलचं जेवण नाही आवडलं तर गाडी काढायची आणि समोरच्या खानावळीत जायचं. पोराला ताप आला तर कोपऱ्यावर मेडिकल आहेच. रिसॉर्टच्या बेटावर ही सगळी दारं बंद. कित्येक बेटं दहा-पंधरा मिनिटांत चालून संपतात. गाडी नाही, रिक्षा नाही, पानटपरी नाही, दुसरं हॉटेल नाही. मोठ्या बेटावर विजेवर चालणारी बग्गी आणि सायकली असतात, त्याही रिसॉर्टच्याच. पाण्याच्या बाटलीपासून डोकेदुखीच्या गोळीपर्यंत दुकानदार एकच, आणि भाव तो सांगेल तो.

भाव चढा असण्यामागे निव्वळ लुटालूट नाही. मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटं आहेत, २६ प्रवाळ कंकणांत विखुरलेली. समुद्रातल्या जुन्या ज्वालामुखीच्या कडेने प्रवाळ वाढत गेलं, ज्वालामुखी हळूहळू खाली बसला आणि वर बांगडीसारखी गोल प्रवाळाची रांग उरली. मध्ये उथळ, शांत पाणी. कडेवर वाळू साचून झालेली ही बेटं. देशातली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा समुद्रापासून अडीच मीटरसुद्धा नाही. अशा जमिनीवर भात पिकत नाही, ऊस नाही, कांदा नाही. गोडं पाणी जेमतेम, म्हणून समुद्राचं पाणी यंत्राने गाळून प्यायचं बनवतात आणि त्यासाठी लागणारी वीज बहुतेक डिझेल जाळून होते. डिझेलही बोटीने येतं. तांदूळ, कणीक, साखर, डाळ, बटाटा, कांदा, अंडी यांचा ठरावीक कोटा भारत १९८१ च्या करारानुसार मालदीवला दर वर्षी देत आला आहे. आपल्याकडे कांद्याची निर्यातबंदी असली तरी तिकडचा कोटा सुटतो. हे सगळं आधी राजधानी मालेला उतरतं आणि तिथून पुन्हा बोटीत चढून रिसॉर्टच्या बेटावर जातं. ताटातल्या चपातीने तुमच्याइतकाच प्रवास केलेला असतो.

पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ साली सुरू झालं. तेव्हापासूनची पद्धत अशी की वस्ती नसलेलं बेट भाडेपट्ट्याने द्यायचं आणि भाडेकरूने त्यावर वीज, पाणी, सांडपाणी, कामगारांची घरं असं सगळं स्वतः उभं करायचं. म्हणजे तुम्ही भाडं देता ते फक्त खोलीचं नाही, एका छोट्या गावाच्या नगरपालिकेचा वाटा त्यात असतो.

पोचायचं कसं, हे आधी

बेळगावहून मालेला सरळ विमान नाही. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून देशातल्या देशात उडायचं किंवा रात्रभर प्रवास करून बेंगळुरू नाहीतर मुंबई गाठायची. दोन्ही शहरं साधारण पाचशे किलोमीटरवर, त्यामुळे ज्याचं विमान सोयीच्या वेळेचं तो रस्ता. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने किंवा स्लीपर बसने बेंगळुरूला सकाळी उतरता, पण विमानतळ तिथून लांब, देवनहळ्ळीला. बस तुम्हाला तुमकूर रोडवर किंवा मॅजेस्टिकजवळ सोडते आणि पुढे बीएमटीसीची ‘वायू वज्र’ ही विमानतळाची बस नाहीतर टॅक्सी. सकाळच्या गर्दीत यात दोन तास सहज जातात. विमान सकाळचं असेल तर आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करावा लागतो. हा मुक्काम, टॅक्सी, जाता-येताची बस कुठल्याच पॅकेजच्या आकड्यात नसते.

खरा प्रश्न मात्र मालेचं विमानतळ आल्यावर सुरू होतो. वेलाना विमानतळ हुळुले नावाच्या बेटावर आहे आणि तिथून रिसॉर्टला जायचे तीन मार्ग.

जवळच्या बेटांना स्पीडबोट. दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत. बहुतेक ठिकाणी रात्रीही सुटते आणि खर्च त्यातल्या त्यात कमी. समुद्र खवळलेला असला की बोट लाटांवर आपटत जाते. कंबरदुखी असलेल्यांना मागच्या सीटवर बसवा, तिथे आपटणं कमी.

मधल्या-लांबच्या बेटांना समुद्रविमान. ट्विन ऑटर जातीचं छोटं विमान, पंधराच्या आसपास प्रवासी, पाण्यावर उतरतं आणि पाण्यावरूनच उडतं. वैमानिक अनेकदा अनवाणी असतात, पोरांना त्याचं फार कौतुक. वरून दिसणारी निळ्या रंगांची नक्षी खरोखरच पैसे वसूल करते. पण ते फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान मालेत दुपारी साडेतीननंतर उतरणार असेल तर त्या दिवशीचं शेवटचं समुद्रविमान चुकायची पुरेपूर शक्यता धरा. मग ती रात्र शेजारच्या हुळुमाले बेटावरच्या हॉटेलात, आणि रिसॉर्टवरची पहिली रात्र भरलेली असेल तर ती फुकट. दुसरं, वेळापत्रक एसटीसारखं ठरलेलं नसतं. त्या दिवशीचे प्रवासी बघून आदल्या संध्याकाळी वेळा ठरतात, आणि वाटेत एक-दोन बेटांवर थांबत विमान जातं. तिसरं, सामान माणशी २० किलो आणि हातात ५ किलो. वर गेलं की किलोमागे पैसे. लग्नातली बॅग घेऊन जाणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

फार लांबच्या बेटांना देशांतर्गत विमान आणि पुढे स्पीडबोट. हे अंधार पडल्यावरही चालतं, म्हणून उशिरा उतरणाऱ्यांना सोयीचं.

समुद्रविमानाचं जाण्या-येण्याचं भाडं माणशी साधारण ४०० ते ६०० डॉलर असतं. चार माणसांच्या घराला एवढ्या पैशांत जवळच्या बेटावर आणखी एक-दोन रात्री निघू शकतात. म्हणून कोटेशनमध्ये खोलीचा भाव आकर्षक दिसला की पहिला प्रश्न: ट्रान्स्फर, म्हणजे विमानतळ ते बेट हा प्रवास, कोणती आणि ती धरली आहे का? कित्येक ‘ऑल इन्क्लुसिव्ह’ भावांत ती धरलेली नसते, आणि घ्यावी तर लागतेच. पोहून जाता येत नाही.

या वेळांमुळे ‘४ रात्री ५ दिवस’ हा हिशोबही तपासावा लागतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाच-सहाला पोचलात आणि शेवटच्या दिवशी सकाळी सातला निघालात तर हातात पूर्ण दिवस तीनच. ऑल इन्क्लुसिव्हचे पैसे मात्र चार दिवसांचे. खोली साधारण दुपारी दोनला मिळते आणि बाराला सोडायची असते. तुम्ही दहालाच पोचलात तर दुपारचं जेवण त्यात येतं का, आणि खोली सोडल्यावर बोट येईपर्यंत ऑल इन्क्लुसिव्हची खूण म्हणून हातात बांधलेला पट्टा चालतो का, हे रिसॉर्टागणिक बदलतं.

जेवणाच्या योजना, आणि पाण्याची बाटली

महाबळेश्वरला किंवा गोव्याला बुकिंग केलेल्यांना ईपी, सीपी, एमएपी, एपी ही अक्षरं माहीत असतात. नुसती खोली, नाश्ता, नाश्ता आणि एक जेवण, नाश्ता आणि दोन्ही जेवणं. बेटांवर शेवटच्या दोघांना हाफ बोर्ड आणि फुल बोर्ड म्हणतात. त्याच्या वर ऑल इन्क्लुसिव्ह आणि त्याच्याही वर प्रीमियम, प्लॅटिनम, डायमंड अशी ज्याला जे सुचेल ते नाव. ही वरची नावं कुठल्याही कायद्याने बांधलेली नाहीत. एका बेटावरचं साधं ऑल इन्क्लुसिव्ह दुसऱ्या बेटावरच्या प्रीमियमपेक्षा बरं असू शकतं.

हाफ आणि फुल बोर्डमध्ये सगळ्यात जास्त लोक फसतात ते पाण्याला. नाश्त्याबरोबर चहा, कॉफी, ज्यूस, पाणी असतं. जेवणाबरोबर मात्र पेय धरलेलं नसतं, आणि काही ठिकाणी पाणीसुद्धा पेयातच मोजतात. खोलीत रोज दोन बाटल्या फुकट ठेवतात, जेवणाच्या टेबलावरची बाटली बिलात जाते. आता बरीच रिसॉर्टं स्वतः गाळलेलं पाणी काचेच्या बाटलीत भरून देतात, पण ते फुकट की विकत हे विचारल्याशिवाय गृहीत धरू नका.

ऑल इन्क्लुसिव्हमध्ये सर्वसाधारणपणे मुख्य जेवणघरातला बुफे, पाणी, चहा-कॉफी, थंड पेयं, बिअर, साधी ‘हाउस वाइन’ आणि काही ठरावीक मद्यं येतात. कयाक आणि उभ्याने वल्हवायची फळी अशी बिनइंजिनाची साधनं, पाण्यात तोंड घालून पोहायचा मुखवटा, एखादी सूर्यास्ताची सफर हेही अनेक ठिकाणी येतं. जे बहुधा येत नाही ते असं: जेट स्की आणि इंजिनावर चालणारे बाकी खेळ, मालिश, डायव्हिंग, वेगळ्या खास उपाहारगृहातलं जेवण, मोठी शेवंडं, वाळूवर मेणबत्त्या लावून दोघांचं जेवण. खोलीतला छोटा फ्रीज काही ठिकाणी रोज भरतात, काही ठिकाणी उघडला की बिल. आणि नाताळ-नववर्षाला जाणार असाल तर एक खास काटा आहे. २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीची मेजवानी बऱ्याच ठिकाणी सक्तीची असते, ऑल इन्क्लुसिव्ह असली तरी तिचे पैसे वेगळे, आणि रक्कम किरकोळ नसते.

मग घ्यावं का ऑल इन्क्लुसिव्ह? बऱ्याच अंशी हा तुमच्या पिण्याचा प्रश्न आहे, आणि तो लाजून टाळला की पैसे वाया जातात. हिशोब करून बघू. आकडे मी समजून घेण्यासाठी धरले आहेत, तुमच्या रिसॉर्टचे वेगळे असतील. समजा फुल बोर्ड आणि ऑल इन्क्लुसिव्ह यांच्यात कर धरून माणशी रोज ८० डॉलरचा फरक आहे. दारू न पिणारा माणूस दिवसाला काय घेईल? पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक कॉफी प्रत्येकी ६ डॉलर, एक ताजा ज्यूस १२ डॉलर. झाले ३०, सेवाशुल्क आणि कर चढवून ३८ डॉलर ६१ सेंट. ऐंशीच्या निम्म्याहून कमी. त्याला फुल बोर्ड परवडतं. त्याच माणसाने १० डॉलरच्या चार बिअर घेतल्या तर करासह आणखी ५१ डॉलर ४८ सेंट, एकूण नव्वदच्या वर. त्याला ऑल इन्क्लुसिव्ह परवडतं.

आता आपल्याकडची नेहमीची जोडी घ्या: तो घेतो, ती घेत नाही. ‘एकाला हे, एकाला ते’ चालत नाही. बहुतेक रिसॉर्टांत एका खोलीतल्या सगळ्यांना एकच योजना घ्यावी लागते. म्हणजे दोघांचा खर्च मिळून बघायचा. वरच्याच आकड्यांनी रोजचा फरक १६० होतो आणि दोघांचं पिणं मिळून १२९ च्या आसपास. फुल बोर्ड स्वस्त पडलं. अर्थात दर वेळी ज्यूस मागवताना बिल मनात मोजत बसणं ज्यांना जमत नाही, त्यांनी वरचे तीस डॉलर मनःशांतीचे समजून द्यावेत. त्यात काही गैर नाही.

भावापुढची दोन अधिक चिन्हं

परदेशी संकेतस्थळांवर रकमेपुढे दोन अधिक चिन्हं दिसतात. एक सेवाशुल्काचं, १० टक्के. दुसरं पर्यटन जीएसटीचं. तो मालदीवने जानेवारी २०२३ मध्ये १६ टक्के आणि १ जुलै २०२५ पासून १७ टक्के केला. जीएसटी सेवाशुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो. १०० चे ११० आणि ११० वर १७ टक्के म्हणजे १२८ डॉलर ७० सेंट. सत्तावीस टक्के समजून गेलात तर गणित थोडं चुकेल.

याशिवाय हरित कर. १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टवर माणशी दर दिवसाला १२ डॉलर, आधी सहा होता. दोन वर्षांखालच्या बाळाला माफ. चौघांच्या कुटुंबाला चार रात्रींचे १९२ डॉलर होतात, आणि ‘करासह’ म्हणून दिलेल्या भावातही हा कर पुष्कळदा बाहेर ठेवलेला असतो. ‘करासह’ या शब्दावर समाधान मानू नका. सेवाशुल्क, जीएसटी आणि हरित कर अशी तिन्ही नावं घेऊन विचारा.

ताटात काय, आणि खोली कुणासाठी

भारतीय पर्यटक एवढे वाढलेत की बुफेत डाळ, भात, एखादी पनीरची भाजी बहुतेक ठिकाणी मिळते आणि स्वयंपाकघरात भारतीय शेफ सापडतो. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण चार दिवस तेच ते खाऊन कंटाळतो. तिथलं मूळ जेवण ट्यूना माशावर उभं आहे. नाश्त्याला मास हुनी नावाचा खोबरं-कांदा-ट्यूनाचा प्रकार असतो, दिसायला अगदी खोबऱ्याच्या कोशिंबिरीसारखा. नुसतं बघून वाढून घेऊ नका.

बोरगाव, शेडबाळ, निपाणीकडच्या जैन कुटुंबांची अडचण निराळी आहे. कांदा-लसूण-बटाट्याविना जेवण बुफेत मिळणं जवळपास अशक्य. काही रिसॉर्टं आधी कळवल्यास वेगळं करून देतात, पण ‘जैन फूड अव्हेलेबल’ एवढ्या एजंटच्या शब्दावर जाऊ नका. रिसॉर्टकडून ईमेलवर लेखी घ्या, आणि त्यात ‘जैन’ एवढंच न लिहिता काय काय चालत नाही ते एकेक नाव घालून लिहा. परदेशी शेफला कंदमुळं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागतं. सूर्यास्ताआधी जेवणारे असाल तर रात्रीचं जेवणघर किती वाजता उघडतं तेही विचारा. इथे एक गंमत आहे. मालदीवचं घड्याळ भारताच्या अर्धा तास मागे, पण संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून अनेक रिसॉर्टं स्वतःच्या बेटापुरतं घड्याळ तासभर पुढे ठेवतात. मग बेटावरची वेळ भारताच्या अर्धा तास पुढे होते. सूर्य त्या घड्याळाने उशिरा मावळतो, याचा फायदा घेता येईल.

आता ती चित्रातली खोली. वॉटर व्हिला नवविवाहितांसाठी छानच आहे. आजी-आजोबा आणि पाच वर्षांचं पोर घेऊन जाणाऱ्यांना ती मी सुचवणार नाही. खोलीपासून जेवणघरापर्यंत लाकडी पूल, कधी कधी चारपाचशे मीटर, उन्हात, दिवसातून तीन वेळा येणं-जाणं. बग्गी बोलावली की येते, लगेच येईलच असं नाही. मागच्या ओट्याला बहुधा कठडा नसतो आणि शिडी थेट समुद्रात उतरते. याच कारणाने काही रिसॉर्टं ठरावीक वयाखालच्या मुलांना वॉटर व्हिलात घेतच नाहीत. बीच व्हिला स्वस्त, दारातच वाळू, झाडांची सावली, आणि गुडघेदुखीवाल्यांना पायऱ्या कमी. हौस फिटवायचीच असेल तर दोन रात्री वाळूवर आणि दोन पाण्यावर अशी वाटणी मागा. बरीच रिसॉर्टं देतात आणि सामान तीच हलवतात.

पोहता न येणाऱ्यांनी, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांनी, बेटाभोवती उथळ पाणी आहे का ते बघायचं. पोहणाऱ्यांनी उलट, बेटाला लागून प्रवाळाची भिंत आहे का ते बघायचं. ती जवळ असेल तर किनाऱ्यावरूनच मासे, कासवं दिसतात. नसेल तर दर वेळी बोट आणि बोटीचे पैसे. उपग्रहाचा नकाशा उघडून ते बेट मोठं करून बघा. फिकट हिरवा पट्टा म्हणजे उथळ पाणी, आणि किनाऱ्याजवळच रंग एकदम गडद निळा झाला तर तिथे भिंत. छायाचित्रांपेक्षा हा नकाशा जास्त खरं बोलतो. शेजारी वसलेलं बेट किंवा बांधकाम आहे का, तेही त्यातच कळतं.

कधी जावं

डिसेंबर ते एप्रिल कोरडे महिने, भाव चढे. मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारे, पाऊस, लाटा, भाव उतरलेले. पाऊस दिवसभर पडतच राहतो असं नाही, सर येऊन जाते. पण चार दिवसांतले दोन ढगाळ निघाले तर निळ्या पाण्याची मजा अर्धी होते, आणि ते आधी कुणी सांगू शकत नाही.

कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सुटतात आणि महाराष्ट्राच्या आधी, मेअखेर भरतात. सीमेअलीकडच्या पालकांनी म्हणूनच मे धरण्यापेक्षा एप्रिलचा दुसरा पंधरवडा धरावा. कोरड्या हंगामाचं ते शेपूट असतं आणि युरोपातली इस्टरची गर्दी बहुधा ओसरलेली असते. चिकोडी-अथणीकडच्या ऊसवाल्यांचं वेळापत्रक तर मालदीवशी आपोआपच जुळतं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत गळीत आटोपतं, बिल वेळेवर जमा झालं तर हातात पैसा असतो आणि तिकडे हवा उत्तम. जमा झालं तर.

थोडे नियम

भारतीयांना मालदीवचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, पोचल्यावर ९० दिवसांपर्यंतचा फुकट मिळतो. पासपोर्ट मात्र हवा. निघायच्या आधीच्या ९६ तासांत इमुगा नावाचा सरकारी ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, जाताना आणि येतानाही. तो फुकट आहे; पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते खोटं. बेंगळुरूच्या ड्यूटी फ्रीमधून बाटली घेऊन गेलात तर मालेच्या कस्टममध्ये ती ठेवून घेतात आणि परतताना देतात. डुकराचं मांसही नेता येत नाही. पूजेसाठी मूर्ती नेण्यावरही बंदी आहे, म्हणून प्रवासात देव्हाऱ्यातला छोटा गणपती पर्समध्ये ठेवणाऱ्यांनी तो घरीच ठेवावा. प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून आणू नयेत, बॅगा तपासतात. डायव्हिंग केलंत तर पुढचे २४ तास विमानात बसायचं नाही, आणि समुद्रविमान हेही विमानच.

रिसॉर्टवर छोटा दवाखाना असतो, मोठ्या उपचाराला माले गाठावं लागतं. रात्री समुद्रविमान नाही. हृदयविकार, मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांना नेत असाल तर स्पीडबोटीच्या टप्प्यातलं बेटच घ्या आणि औषधं दुप्पट दिवसांची न्या. हा मुद्दा मला खोलीच्या भावापेक्षा मोठा वाटतो.

एवढा खर्च नको असेल तर

मालदीवमध्येच स्थानिक वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसं आहेत, माफुशी त्यातलं नावाजलेलं. खर्च कितीतरी कमी, छोट्या गेस्टहाउसांत हरित कर निम्मा, जेवायला बाहेर चार ठिकाणं. दारू मिळत नाही, पोहण्याच्या कपड्यांना वेगळा किनारा नेमलेला असतो आणि रमजानात दिवसा खाणावळी बंद असतात. दारू न पिणाऱ्या कुटुंबाला हे खरं तर जास्त सोयीचं, आणि एखादा दिवस रिसॉर्टचा डे पास घेऊन हौसही भागते.

लक्षद्वीप आपलंच आहे. परवाना आधी काढावा लागतो, खोल्या थोड्या, दारू बंगाराम बेट सोडून कुठेच नाही. गोव्याहून तिथल्या अगत्ती बेटाला छोटं विमान जातं, ते चालू आहे का बघून मगच ठरवा. चालू असेल तर बेळगावकरांना बेंगळुरूपेक्षा गोवा जवळ. इंडोनेशियातल्या गिली बेटांवर मोटारी नाहीत, घोडागाड्या आणि सायकली आहेत; पण तिथे रस्त्यावर पन्नास खानावळी असल्याने ऑल इन्क्लुसिव्ह घ्यायचं कारणच उरत नाही.

पैसे देताना

परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंट जीएसटीशिवाय टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केलेला आयकर, कापतो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत राहतो, म्हणून त्या वर्षीचा विचारा. तो खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. मात्र पॅन कुणाचं दिलं ते लक्षात ठेवा. घरातल्या ज्या माणसाचं विवरणपत्र भरलंच जात नाही त्याचं पॅन दिलं तर पैसे तिथेच अडकून राहतात. बेटावरचं बिल क्रेडिट कार्डाने भरलं तर परकीय चलनाचं शुल्क साधारण २ ते ३.५ टक्के वर लागतं.

अ‍ॅडव्हान्स पाठवण्याआधी एजंटला हा मजकूर जसाच्या तसा पाठवा: ‘रिसॉर्टचं पूर्ण नाव आणि खोलीचा प्रकार लिहून द्या. ट्रान्स्फर स्पीडबोट की समुद्रविमान, जाण्या-येण्याचं भाडं धरलंय का? आमचं विमान इतक्या वाजता उतरतं, त्याच दिवशी बेटावर पोचू का? सेवाशुल्क, १७ टक्के जीएसटी, हरित कर तिन्ही धरलेत का? जेवणाची योजना कोणती, जेवणाबरोबर पाणी त्यात आहे का, किती उपाहारगृहं चालतात? मुलांचे वेगळे किती? रद्द केल्यास कुठल्या तारखेपर्यंत किती परत?’

उत्तर फोनवर आलं तर ‘लिहून पाठवा’ म्हणा. लिहून आलं की त्यातलं रिसॉर्टचं नाव घेऊन रिसॉर्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तीच तारीख, तीच खोली, तीच योजना टाकून भाव बघा. एजंटचा भाव पुष्कळदा कमीच निघतो, कारण त्याला घाऊक दर मिळतो. फारच कमी निघाला तर ट्रान्स्फर किंवा कर बाहेर राहिला आहे, असं समजून तीच ओळ पुन्हा विचारा. उरलेली रक्कम भरण्याआधी बुकिंगचा क्रमांक मागून घ्या आणि रिसॉर्टच्या आरक्षण विभागाला स्वतः ईमेल करून विचारा: या क्रमांकावर आमची नावं, खोली, जेवणाची योजना आणि ट्रान्स्फर काय नोंदलेली आहे? उत्तर साधारण एक-दोन दिवसांत येतं. ते आल्यावर बाकीचे पैसे पाठवा.